आयोवातली विनेशीक काउंटी: खडक, पाणी आणि माणसं

ताई, तुमच्या मुलीला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डिकोरा गावी ल्यूथर कॉलेजात प्रवेश मिळालाय. नकाशावर आजूबाजूला शेतांशिवाय काही दिसत नाही, म्हणून तुम्ही विचारलंय की ही विनेशीक काउंटी आहे तरी कशी, तिचा इतिहास काय, आणि तिथली माणसं पोरीला सामावून घेतील का. मी आयोवाच्या ईशान्य भागात मृदा आणि जलसंधारणाचं काम करतो. माझा दिवस शेतकऱ्यांच्या बांधावर आणि झऱ्यांच्या काठावर जातो, त्यामुळे माझं उत्तर जमिनीपासूनच सुरू होणार. आधी इथला खडक समजून घ्या, मग इथली माणसं आपोआप कळतात, असं माझं ठाम मत आहे.

काउंटी म्हटल्यावर आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणू नका. आयोवात अशा 99 काउंट्या आहेत. विनेशीकचं क्षेत्रफळ सुमारे 690 चौरस मैल, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं, आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 20,070. 1880 च्या सुमारास इथे आजच्यापेक्षा जास्त माणसं राहत होती. डिकोरा हे मुख्य गाव, वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. बाकी कॅल्मर, ऑसियन, स्पिलव्हिल, रिजवे, फोर्ट अ‍ॅटकिन्सन ही छोटी छोटी गावं. रस्ते, पूल, जमिनीची नोंद, शेरीफ, कोर्ट हे सगळं काउंटीकडे असतं आणि ते चालवणारे बरेचसे लोक निवडून आलेले, ओळखीतले असतात. किराणा दुकानाच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला माणूस काउंटीचा सुपरवायझर, म्हणजे कारभार बघणारा निवडून आलेला सदस्य, निघू शकतो.

आता खडक. आयोवा म्हणजे सपाट, हे आपण ऐकून असतो आणि राज्याच्या मध्यभागापुरतं ते खरंही आहे. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्यांनी तो भाग सपाट करून टाकला. ईशान्य कोपऱ्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. त्याआधीच्या, फार जुन्या हिमनद्यांनी इथे जे काही टाकलं होतं, ते लाखो वर्षांत बहुतेक वाहून गेलं. त्यामुळे काउंटीच्या पूर्व भागात खोल दऱ्या, चुनखडीचे उभे कडे आणि अप्पर आयोवा नदीची वळणं आहेत. पश्चिमेकडे गेलात तर जमीन हळूहळू सपाट होत जाते.

चुनखडी पाण्यात विरघळते, आणि इथल्या सगळ्या गोष्टींचं मूळ त्यातच आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून झिरपत जातं, वेळ घेतं. इथे मात्र खडकात नाल्याच होऊन बसल्यात. जमीन म्हणजे अक्षरशः चाळण आहे. मक्याच्या शेतात मधेच झाडांचा एक पुंजका दिसतो. जवळ गेलात की कळतं, तिथे जमीन खचून खड्डा झालाय, काठावर रानटी झुडपं, तळाशी ओला चिखल आणि एका बाजूला हात जाईल एवढी फट. पूर्वी लोक अशा खड्ड्यांत जुनी अवजारं, तारा, फ्रीज, मेलेली जनावरंसुद्धा टाकून द्यायचे. पावसाचं पाणी त्या फटीतून जे आत जातं ते मातीतून गाळलं न जाता थेट खाली उतरतं.

हे पाणी कुठे जातं ते शोधायला आम्ही खड्ड्यात हिरवा चमकणारा रंग ओततो आणि आसपासच्या झऱ्यांत कोळशाच्या पुड्या बांधून ठेवतो. कोळसा रंग शोषून घेतो. मग पुड्या काढून प्रयोगशाळेत तपासायच्या. डोंगराच्या या बाजूचं पाणी पलीकडच्या खोऱ्यात निघतं, तेही कधीकधी काही दिवसांतच. डिकोराजवळ सीवर्स स्प्रिंग नावाचा मोठा झरा आहे, त्याच्या थंड पाण्यावर राज्य सरकारचं ट्राउट माशांचं केंद्र चालतं. जोराचा पाऊस झाला की तोही गढूळतो. वरच्या शेतात तुम्ही जे टाकाल ते खाली दुसऱ्याच्या पाण्यात उतरतं, आणि तो दुसरा बहुधा तुमच्याच चर्चमध्ये येणारा असतो. या काउंटीचा स्वभाव मला विचाराल तर त्याचा उगम इथे आहे. इथे शेजाऱ्याचा विचार करणं नुसतं चांगुलपणाचं लक्षण नाही, ती रोजची गरज आहे.

खडकाचं हे प्रकरण खोलवर जातं. 1967 मध्ये पाणबुडे एका झऱ्याच्या तोंडातून आत शिरले आणि त्यांना कोल्ड वॉटर केव्ह सापडली. तिच्या 17 मैलांहून जास्त वाटांची मोजणी झालीय. डिकोरा गावाच्या खाली तर उल्का पडून झालेलं सुमारे साडेपाच किलोमीटर व्यासाचं विवर गाडलं गेलंय. वरून काहीच दिसत नाही. बोअरच्या चुऱ्यात भलताच शेल खडक येऊ लागला, त्यावरून माग लागला. त्याच खडकात सापडलेल्या सुमारे पावणेदोन मीटर लांबीच्या समुद्रविंचवाचं वर्णन 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. तो सुमारे 46 कोटी वर्षांपूर्वीचा.

माणसांच्या इतिहासाकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पर्यटनाच्या पत्रकांत हा भाग दोन ओळींत उरकतात. काउंटीला विनेशीक हे नाव हो-चंक या इथल्या मूळनिवासी लोकांच्या एका प्रमुखाचं आहे, आणि डिकोरा हेही त्यांच्यातल्याच एका नामांकित घराण्याचं. विस्कॉन्सिनमधली आपली जमीन त्यांना 1832 च्या करारात सोडावी लागली आणि बदल्यात आयोवातला 40 मैल रुंदीचा तटस्थ पट्टा मिळाला. पट्टा तटस्थ कशासाठी, तर उत्तरेचे डकोटा आणि दक्षिणेचे सॉक व मेस्क्वाकी या जमातींत लढाया होऊ नयेत म्हणून. म्हणजे हो-चंकांना बरोबर दोन वैऱ्यांच्या मधे नेऊन बसवलं. ते यायला तयार नव्हते. 1840 मध्ये सैन्याने त्यांना हलवलं आणि त्याच वर्षी फोर्ट अ‍ॅटकिन्सनचं काम सुरू झालं. एका जमातीचं इतरांपासून रक्षण करण्यासाठी बांधलेला किल्ला, असं त्याचं कौतुकाने वर्णन करतात. मला ते वर्णन अपुरं वाटतं. त्या सैन्याचं एक काम हो-चंकांना परत विस्कॉन्सिनला जाऊ न देणं हेही होतं. 1846 च्या करारात हाही पट्टा गेला, 1848 मध्ये त्यांना मिनेसोटाला पाठवलं, 1849 मध्ये किल्ला रिकामा झाला. मिनेसोटातूनही 1863 मध्ये त्यांना हाकलून डकोटा प्रदेशात नेलं आणि शेवटी नेब्रास्कात जमीन मिळाली. अनेक जण पुन्हा पुन्हा विस्कॉन्सिनला परतत राहिले. आज विस्कॉन्सिनमध्ये हो-चंक नेशन आणि नेब्रास्कात विनेबागो (हे त्याच लोकांचं दुसरं नाव) जमात नांदते आहे. किल्ल्याच्या चुनखडीच्या भिंती अजून उभ्या आहेत. मुलीला तिथे जरूर जायला सांगा.

हो-चंक 1848 मध्ये गेले आणि 1850 मध्ये पहिली नॉर्वेजियन कुटुंबं डिकोराच्या आग्नेयेला वॉशिंग्टन प्रेअरीवर उतरली. मधे फक्त दोन वर्षं. त्या नॉर्वेजियन माणसांनी कुणाला हाकललं नव्हतं. बरेचसे घरच्या डोंगराळ, तुटपुंज्या जमिनीला कंटाळून आले होते. पण रिकामी जमीन मिळाली म्हणताना ती कशी रिकामी झाली हे लक्षात ठेवायला हवं, आणि आज इथले शिक्षक मुलांना ते शिकवतात हे मला महत्त्वाचं वाटतं.

नॉर्वेजियन लोकांनी इथे जे उभं केलं ते थक्क करणारं आहे. त्यांच्या ल्यूथरन चर्चने 1861 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका पाद्र्याच्या घरात कॉलेज सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते डिकोराला आणलं. तेच तुमच्या मुलीचं ल्यूथर कॉलेज. 1877 पासून कॉलेजने जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, त्यातून वेस्टरहाइम हे संग्रहालय झालं. पेटारे, विणकाम, होड्या, रंगवलेली लाकडी भांडी, अख्खी लाकडी घरं तिथे आहेत. डिकोरा पोस्टेन हे नॉर्वेजियन भाषेतलं वृत्तपत्र 1874 ते 1972 एवढा काळ या छोट्या गावातून निघत होतं आणि अमेरिकाभर वाचलं जात होतं.

भाषेवर गदाही आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 23 मे 1918 रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, रेल्वेत, टेलिफोनवर, सार्वजनिक ठिकाणी आणि चर्चच्या प्रवचनातसुद्धा इंग्रजीच बोलायचं. रोख जर्मनांवर होता, पण नॉर्वेजियन, चेक, डच सगळेच त्यात भरडले गेले. इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना देवाची प्रार्थनाही चारचौघांत स्वतःच्या भाषेत करता येईना. ते फर्मान वर्षअखेरीपर्यंत मागे घेतलं गेलं, पण घरातली भाषा घरातच ठेवायची ही सवय अनेक कुटुंबांना लागली. आज इथे नॉर्वेजियन सहज बोलणारे फार थोडे उरलेत. खाणं मात्र टिकलं. लेफ्से नावाची उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी असते, खाचा असलेल्या लाटण्याने लाटतात, मोठ्या तव्यावर भाजतात आणि लोणी-साखर लावून गुंडाळून खातात. तुमच्या मुलीला पोळ्या लाटता येत असतील तर डिसेंबरमध्ये चर्चच्या स्वयंपाकघरात तिचं जोरदार स्वागत होईल.

काउंटीच्या नैर्ऋत्येला मात्र चेक आणि जर्मन कॅथलिक वस्ती आहे. स्पिलव्हिलचं सेंट वेन्सेस्लॉस चर्च 1860 चं. संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक 1893 चा उन्हाळा सहकुटुंब स्पिलव्हिलला राहिले, कारण त्यांचा सहायक कोव्हारिक मूळचा इथला होता. न्यूयॉर्कच्या गोंगाटातून आलेल्या द्वोर्झाकांना इथे आपली भाषा बोलणारी माणसं मिळाली. सकाळी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, नदीकाठी फिरायचे, आणि जूनमध्ये अवघ्या 16 दिवसांत त्यांनी एक स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना, लिहून पूर्ण केलं. ते आज ‘अमेरिकन’ या नावाने जगभर वाजवलं जातं. ते राहिले त्या इमारतीत आता बिली बंधूंच्या घड्याळांचं संग्रहालय आहे. फ्रँक आणि जोसेफ बिली हे अविवाहित शेतकरी भाऊ. हिवाळ्यात शेती बंद असायची तेव्हा ते लाकडात कोरीव घड्याळं करायचे, 1913 पासून 1958 पर्यंत. हेन्री फोर्डने एका घड्याळाला दहा लाख डॉलर देऊ केले होते असं इथे सांगतात. त्यांनी विकलं नाही. सगळी घड्याळं एकत्र राहावीत आणि विकली जाऊ नयेत या अटीवर गावाला देऊन टाकली.

आता शेतीकडे, माझ्या विषयाकडे. सुरुवातीला इथे सगळीकडे गहू होता. तेच ते पीक, थकलेली जमीन, त्यात चिंच बग नावाची कीड, आणि 1870 च्या दशकात गव्हाचं गणित कोसळलं. लोक दुधाकडे वळले. उताराच्या जमिनीला दुभती जनावरं फार मानवतात, कारण त्यांना गवत आणि लसूणघास लागतो आणि त्यांची मुळं माती धरून ठेवतात. 1930 च्या दशकात, नांगरलेल्या उतारांवरून माती वाहून जाऊन ओघळी पडल्यावर, सरकारी मदतीने समपातळीतले पट्टे आले: एक पट्टा मक्याचा, पुढचा ओटचा, त्यापुढचा लसूणघासाचा, डोंगराच्या वळणाप्रमाणे वळत जाणारे. जुलैमध्ये उंचावरून बघितलं तर गडद हिरवा, पोपटी आणि पिवळसर असे पट्टे एकाआड एक दिसतात. इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवतो.

हे पट्टे आता कमी होत चाललेत. 1970 च्या दशकात कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी शेतकऱ्यांना सांगितलं, कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा. धान्याची निर्यात वाढली, जमिनीचे भाव चढले, लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. मग व्याजदर भडकले. आयोवातल्या शेतजमिनीचा सरासरी भाव 1981 मध्ये एकरी 2,147 डॉलर होता, तो 1986 मध्ये 787 वर आला. त्या पाच वर्षांत गेलेल्या शेतांबद्दल म्हातारी माणसं आजही आवाज खाली आणून बोलतात. त्यानंतर छोटे दुग्धव्यावसायिक एकामागून एक थांबत गेले. ज्या घरातून गाई जातात त्या घराला लसूणघास लागत नाही. मग पट्टे मोडून अख्ख्या उतारावर मका आणि सोयाबीन येतं, आणि माती पुन्हा हलू लागते. दुधाचा भाव आणि झऱ्याचं पाणी यांचा असा थेट संबंध आहे. विनेशीक अजूनही आयोवातल्या दुधाच्या मोठ्या काउंट्यांपैकी आहे, पण गोठे मोजके आणि मोठे झालेत. तिथे काम करणारे बरेचसे मजूर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले आहेत. शेजारच्या पोस्टव्हिल गावातल्या मांस कारखान्यावर 12 मे 2008 रोजी सरकारी छापा पडला आणि 389 कामगार पकडले गेले, तेव्हा मागे राहिलेल्या बायकामुलांना जेवण, औषध आणि वकील मिळवून देण्यासाठी या भागातली चर्च आणि साधी माणसं महिनोन्‌महिने राबली.

पाण्याच्या बाबतीतही हा कोपरा सगळ्या राज्याच्या पुढे होता. आग्नेयेच्या क्लेटन काउंटीत बिग स्प्रिंग नावाच्या झऱ्यावर 1981 पासून अभ्यास झाला. शेतातलं नायट्रेट (खतातून येणारं नत्र) आणि तणनाशकं झऱ्यात कशी उतरतात हे त्यातून मोजून दिसलं, आणि 1987 च्या आयोवाच्या भूजल संरक्षण कायद्याला त्याचा मोठा आधार मिळाला. आज मोठ्या वराहपालन शेडवरून इथे खडाजंगी होते. माझं मत स्पष्ट आहे: चाळणीसारख्या खडकावर लाखो गॅलन मलमूत्र साठवायचं आणि पसरायचं तर जागेची परवानगी काउंटीच्या लोकांच्या हातात हवी. कायद्याने ती आज बहुतांशी राज्याच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट मला फार प्रिय आहे. डिकोराच्या उत्तरेला हेरिटेज फार्म आहे, 890 एकरांचं, सीड सेव्हर्स एक्स्चेंज या संस्थेचं. डायेन आणि केंट व्हीली यांनी ती 1975 मध्ये मिसुरीत सुरू केली, कारण डायेनच्या आजोबांनी, बाप्टिस्ट ऑट यांनी, जपलेल्या टोमॅटोचं आणि मॉर्निंग ग्लोरी या फुलवेलीचं बियाणं तिच्याकडे आलं होतं. ऑट शेजारच्या काउंटीतल्या सेंट लूकसचे. पुढे संस्था इथे आली आणि आज तिच्याकडे 20,000 हून जास्त जुनी वाणं आहेत. तिथून तासाभराच्या आत, पश्चिमेच्या हॉवर्ड काउंटीत क्रेस्कोजवळ, नॉर्वेजियन शेतकऱ्यांच्या घरातला नॉर्मन बोरलॉग वाढला. त्यांच्या बुटक्या गव्हाने 1960 च्या दशकात आपल्या देशाचं धान्याचं चित्र बदललं आणि 1970 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. नवं भरघोस बियाणं आणि जुनं घरगुती बियाणं, दोन्ही याच परिसरातली. इथली माणसं दोघांचाही अभिमान बाळगतात आणि त्यात त्यांना विरोध दिसत नाही. मलाही दिसत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: माणसं. सुरुवातीला ती अबोल वाटतील. घरी या असं लगेच म्हणत नाहीत, वैयक्तिक प्रश्न विचारत नाहीत, भावना दाखवत नाहीत. खडीच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतात, तो नमस्कार. पण बर्फात गाडी अडकली तर पाच मिनिटांत कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन येईल, गाडी ओढून काढेल आणि आभार मानायच्या आत निघून जाईल. मतभेद असतात, तीव्र असतात. 2018 मध्ये गावाने स्वतःची वीज कंपनी काढावी का यावर डिकोरात मतदान झालं आणि प्रस्ताव फक्त 3 मतांनी पडला. ओबामांना दोनदा कौल देणाऱ्या याच काउंटीने 2016 मध्ये ट्रम्प यांना दिला. तरी दोन्ही बाजूंचे लोक शुक्रवारी हायस्कूलच्या फुटबॉलला एकाच बाकावर बसतात, हे मी बघत आलोय. परका माणूस दिसला की नजर वळते हेही खरं आहे, विशेषतः छोट्या गावांत. त्यात द्वेष क्वचित असतो, बहुतेक वेळा सवय नसते. तिने आधी हाय म्हणावं. तेवढं पुरतं.

कॉलेजात ती एकटी पडणार नाही. डेव्हिस शिष्यवृत्तीमुळे युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसची मुलं जगभरातून ल्यूथरला येतात. आपल्या मुळशीजवळचं महिंद्रा कॉलेज त्याच साखळीतलं, त्यामुळे तिकडून आलेलं कुणी भेटण्याची शक्यता चांगली आहे. शाकाहारी असेल तर गावात ग्राहकांच्याच मालकीचं सहकारी किराणा दुकान आहे, तिथे डाळी आणि मसाले मिळतात. थंडीचा कोट पुण्या-मुंबईत घेऊ नका, इथे येऊनच घ्या; जानेवारीत रात्री पारा उणे 25 सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो आणि आपल्याकडचे कोट इथे टिकत नाहीत. डिकोराला रेल्वे येत नाही आणि गाडीशिवाय कुठे जाणं अवघड आहे, तेव्हा सुट्टीत ये-जा कशी करायची ते कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आधीच बोलून ठेवा. सगळ्यात जवळची मोठी भारतीय वस्ती मिनेसोटातल्या रॉचेस्टरला, मेयो क्लिनिक या मोठ्या रुग्णालयामुळे. दीडेक तासाची गाडी, तिथे हिंदू मंदिरही आहे. आणि पुढच्या वर्षांत ती कॉलेजबाहेर एखाद्या शेतघरात भाड्याने राहायला गेली, तर पहिल्याच आठवड्यात विहिरीचं पाणी नायट्रेट आणि जिवाणूंसाठी तपासून घ्यायला सांगा. खासगी विहिरींची ही तपासणी काउंटीच्या आरोग्य विभागामार्फत राज्याच्या अनुदानातून होते, फक्त फोन करावा लागतो. नायट्रेट-नायट्रोजन लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर आलं तर पिण्यासाठी ते पाणी वापरू नये. आणि उकळून उपयोग नाही, उकळल्याने नायट्रेट वाढतंच.